कानाचा सर्व्हे, मनाचे प्रश्न : गावात संशोधन करताना या चुका टाळा

मिरज तालुक्यातलं एक गाव, फेब्रुवारीतली सकाळ. एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यात एम.ए.च्या तोडीचं शिकणारी, एक विद्यार्थिनी सोप्यात बसून सत्तरीच्या एका आजींना प्रश्न विचारत होती. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, पीएचक्यू-९. आजींना कमी ऐकू यायचं, म्हणून पोरीनं आवाज चढवला. आठ प्रश्न कसेबसे पार पडले. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा, तोही तिनं तेवढ्याच मोठ्यानं विचारला : "आजी, मरून जावं असं वाटतं का कधी?" चुलीपाशी सून, अंगणात हरभरा निवडणारी शेजारीण, दारात सायकल लावणारा नातू, सगळ्यांनी ऐकलं. आजींनी एकदा सुनेकडं बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाई गं बाय. माझं समदं बरं हाय." फॉर्मवर शून्य पडलं.

त्या शून्यावर माझा विश्वास नाही. मी शेजारीच बसलो होतो आणि वेळेवर थांबवलं नाही, ही माझी चूक.

सांगली-साताऱ्याकडं मेडिकल, ऑडिऑलॉजी (श्रवणशास्त्र), मानसशास्त्र, समाजकार्य अशा सगळ्या शाखांच्या मुलांबरोबर मी फिल्डवर हिंडत आलोय. आकडेमोडीची चूक गाइड पकडतो, नाहीतर परीक्षक पकडतो. सोप्यात झालेली चूक कुणाच्या हाती लागत नाही, कारण ती एक्सेलमध्ये नीटनेटका आकडा होऊन बसलेली असते. म्हणून इथं सोप्यातल्या चुकांबद्दल जास्त लिहितोय.

आधी कान तपासा, मग प्रश्नावली काढा

म्हाताऱ्या माणसांचा कुठलाही अभ्यास असो, मनाचा, स्मरणशक्तीचा, मधुमेहाचा, पहिली पायरी कानाची. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीन शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत विचारतात. आजोबांना तीनपैकी दोनच शब्द ऐकू आले असतील तर तिसरा ते विसरले कसे? ते नापास झाले कानात, आणि आपण लिहितो डोक्यात.

ऐकू येत नाहीये हे ओळखायचं कसं? समोरचा प्रत्येक प्रश्नाला "हा, हा" म्हणतो. तुमच्याऐवजी सुनेच्या ओठांकडं बघतो. उत्तर त्याच्याआधी दुसराच कुणीतरी देतो. यातलं काहीही दिसलं की नेहमीच्या आवाजात एक साधा प्रश्न टाका, ज्याचं उत्तर हो-नाही असं देता येत नाही : "काल रात्री जेवायला काय होतं?" उत्तर "व्हय" आलं, तर प्रश्नावली पिशवीत ठेवा.

ओरडणं हा उपाय नाही. वयामुळं ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथंच राहतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. शिवाय विशीतल्या मुलीचा आवाज चढला की आणखी बारीक होतो. समोर बसा, हातभर अंतरावर. उजेड तुमच्या तोंडावर पडू दे, पाठीमागून नको. टीव्ही, मिक्सर, कूलर बंद करायला सांगा. सावकाश आणि थोड्या जाड आवाजात बोला. नाही समजलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला.

जमलं तर पिशवीत हेडफोन लावलेला छोटा ॲम्प्लिफायर ठेवा. आम्ही गुपित प्रश्नांसाठी तोच वापरतो. माइक तुमच्या तोंडाशी, हेडफोन आजींच्या कानाला, आणि कुजबुजलात तरी चालतं. उत्तरासाठी चित्रांची कार्डं : रिकामा तांब्या, पाव, अर्धा, भरलेला. आजी बोट ठेवतात, बोलावं लागत नाही. मात्र अशी कार्डं वापरलीत तर ती आधी पाच-दहा जणांवर तपासा आणि थिसिसमध्ये तसं स्पष्ट लिहा. गुपचूप केलेली सोय नंतर अंगावर येते.

नववा प्रश्न विचारणार असाल तर होकार आला की काय करायचं हे गावात जायच्या आधी ठरलेलं पाहिजे. कुणाला फोन करायचा, त्याच दिवशी कोण भेटणार, तालुक्याला नेणार कोण. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास आणि मोफत. पण ज्याला फोनवर ऐकूच येत नाही त्याच्या हातात हेल्पलाइनचा नंबर देऊन आपण मोकळे झालो असं समजू नका. एका सिनॉप्सिसमध्ये (अभ्यासाच्या आराखड्यात) नेमकं हेच लिहिलेलं मी पाहिलंय, आणि तेही कर्णबधिरांवरच्याच अभ्यासात.

मशीन बरोबर, खोली चूक

ऑडिओमीटर, म्हणजे ऐकणं मोजायचं मशीन, घेऊन शाळेत गेलेली मुलं परत येऊन सांगतात, "सर, अख्ख्या वर्गाला कमी ऐकू येतं!" अख्ख्या वर्गाला कमी ऐकू येत नसतं. आकडे नीट बघा. सगळ्यांची पातळी (ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज, डेसिबलमध्ये; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं वाईट) ५०० हर्ट्झला, म्हणजे खालच्या सुराला, वाईट आणि २००० व ४००० हर्ट्झला चांगली, तर दोष खोलीचा. पंखा, बाहेरचा ट्रॅक्टर, शेजारच्या वर्गातले पाढे, हा सगळा गोंगाट खालच्या पट्टीतला असतो आणि खालचेच सूर झाकतो. खोली बदला, नाहीतर शाळा सुटल्यावर तपासा.

प्रत्येकाचा उजवाच कान वाईट निघतोय? वायर हलवून बघा. मग हेडफोन उलटे लावून बघा (एरवी लाल उजवीकडं, निळा डावीकडं). रोज सकाळी पहिला कान स्वतःचा तपासायचा. तुमचं ऐकणं कालपेक्षा दहा डेसिबलनं घसरलं असेल तर बहुधा मशीन बिघडलंय. वर्षाचं कॅलिब्रेशन वेगळं, ते यामुळं टळत नाही. आणि कानात आधी डोकावून बघा. निम्म्या वेळा मळच असतो, वरून लसूण घालून तापवलेलं तेलही.

विट्याला मागावर काम करणाऱ्यांना पाळी संपल्या संपल्या तपासू नका. गोंगाटानं कान काही तास तात्पुरते जड होतात. कायमचं नुकसान मोजायचं असेल तर कमीत कमी चौदा तास शांततेत गेलेले हवेत, म्हणजे सुट्टीच्या दिवशी किंवा कामावर जायच्या आधी. गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशीही तेच. डॉल्बीसमोर नाचलेल्या पोरांचे कान सकाळी तपासलेत तर तो अभ्यास डॉल्बीचा होतो.

बहिरा कोण?

व्याख्यांची खिचडी ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात सहज टळणारी चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणं २० डेसिबलपर्यंत ऐकणं चांगलं, आणि बऱ्या कानाची पातळी ३५ च्या पुढं गेली की उपचार-पुनर्वसन लागेल असा दोष. तशी माणसं जगात सुमारे ४३ कोटी. त्याआधी हीच रेष मोठ्यांसाठी ४० आणि मुलांसाठी ३० होती. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत ७० डेसिबलला कर्णबधिर म्हणतो, ६० ते ७० ला कमी ऐकू येणारा. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचा दोष असलेले सुमारे ५०.७ लाख नोंदले गेले, तेही डेसिबल मोजून नव्हे, दारात प्रश्न विचारून. आता स्वतः ३५ ची रेष लावायची आणि "जनगणनेच्या मानानं आमच्या तालुक्यात प्रमाण फारच जास्त" असा निष्कर्ष काढायचा, हे म्हणजे शेराचं माप आणि किलोचं माप एका तागडीत घालणं.

प्रोफॉर्मातले शब्द

"रक्ताच्या नात्यात लग्न झालंय का?" जन्मजात बहिरेपणाच्या अभ्यासात हा प्रश्न असतोच. कवठेमहांकाळकडं एका बाईनं ठामपणे "न्हाई" सांगितलं. निघताना मी सहज विचारलं, "मालक तुमचे लग्नाआधी कोण लागायचे?" "आत्याचं पोरगं की." मामा-आत्याच्या पोरांची लग्नं आपल्याकडं इतकी रीतीची आहेत की लोकांच्या लेखी ते "रक्ताचं" नसतंच, रक्ताचं म्हणजे भाऊबंद. आता आम्ही तोच दुसरा प्रश्न विचारतो.

मनाच्या प्रश्नावल्यांत तर हे पावलोपावली. "तुम्हाला खिन्न वाटतं का?" असं विचारलं तर खेड्यातलं माणूस तुमच्याच तोंडाकडं बघतं. लोक म्हणतात : जिवाला घोर लागलाय, कशात मन लागत न्हाई, काळीज धडधडतंय, डोस्कं चालूच ऱ्हातंय. पण मग मुलं दुसऱ्या टोकाला जातात आणि दारोदारी मनानं शब्द बदलतात. तसं झालं की चाळीस घरांत चाळीस प्रश्नावल्या होतात. बोलीतले शब्द आधी ठरवा, दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर (बोलीतून परत मूळ भाषेत) करून घ्या, थोड्या लोकांवर चालवून बघा, आणि मग कानामात्रा हलवू नका. जत तालुक्यात जाणार असाल तर कन्नडची वेगळी तयारी. "तिकडं मराठी कळतं सगळ्यांना" हे वाक्य मराठी बोलणारेच म्हणतात.

घरात कोण सापडलं?

शिबिरात शंभर लोक आले, त्यातले साठ कानाचे रुग्ण निघाले, म्हणून "गावात साठ टक्के" असं लिहू नका. कानाचं शिबिर लावलं तर कान दुखणारेच येणार.

३८४ हा आकडाही असाच. निम्मं प्रमाण आणि पाच टक्के चूक धरली की सूत्रातून तो येतो, आणि प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये तो असतो. पण तो सुटी सुटी माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली तरच खरा. तुम्ही गावं निवडता, आणि एकाच गावची माणसं एकमेकांसारखी असतात : तेच पाणी, तोच माग, तेच सोयरसंबंध. एका गावातून २० जण घेतले आणि हे सारखेपण ०.०५ एवढं थोडं जरी धरलं, तरी नमुना १.९५ पट लागतो. ३८४ चे ७४९ होतात. पोरांचे चेहरे पडतात, पण ते आधी पडलेले बरे.

मग हंगाम. खानापूर-आटपाडीकडची तरुण माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगलेली. दुपारी घरोघर गेलात तर म्हातारी माणसं आणि बायकाच भेटणार. माण-आटपाडीचे मेंढपाळ महिनोन् महिने बाहेर. ऊसतोडीच्या टोळ्या फडावर असतात आणि गावच्या यादीत नसतात. बंद घराला "नकार" लिहून पुढं जाऊ नका. तीनदा जा, त्यातली एक फेरी दिवेलागणीला.

समुपदेशनानं फरक पडला, असं म्हणण्याआधी

जास्त गुण असलेले तीस जण निवडले, सहा बैठका घेतल्या, परत मोजलं, गुण उतरले. टाळ्या! पण सगळ्यात वाईट दिवसांत निवडलेल्या माणसांचे गुण पुढच्या मोजणीत आपोआपही थोडे उतरतात. शिवाय शेवटचा फॉर्म समुपदेशकानंच भरून घेतला असेल तर माणूस त्याचा मान राखतो. "एवढं येता, बोलता, बरंच वाटतंय की." मोजणारा वेगळा ठेवा, तुलनेचा गट ठेवा, आणि मधेच गळालेल्यांना हिशेबातून गाळू नका. हे अवघड नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर बैठका घेतल्या गेल्या. ४९५ जणांचा, तुलनेच्या गटासह केलेला तो अभ्यास २०१७ साली लॅन्सेटमध्ये आला. फायदा दिसला, आणि तुलना होती म्हणून तो मानला गेला.

दुसऱ्यांचे अभ्यास वाचतानाही हाच डोळा ठेवा. "कानाच्या मशीननं स्मृतिभ्रंश ४८ टक्क्यांनी टळतो" हे व्हॉट्सॲपवर फिरतंच, थिसिसच्या प्रस्तावनेतही येतं. २०२३ चा तो अमेरिकी अभ्यास ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांचा. तीन वर्षांनी एकूण सगळ्यांत मिळून फरक सापडला नाही. ४८ टक्के हा आकडा फक्त जास्त जोखमीच्या एका उपगटाचा, आणि तोही स्मृतिभ्रंश टळण्याचा नव्हे, बुद्धीची घसरण मंदावण्याचा. गोषवाऱ्याची शेवटची ओळ वाचून संदर्भ देणाऱ्यांना मी आता मूळ तक्ता काढून आणायला लावतो.

परवानग्यांचं थोडक्यात : एथिक्स कमिटीचा होकार पहिल्या घराच्या आधी. उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी पहिल्या सहभागी माणसाच्या आधी, नंतरची चालत नाही. अंगठा घेताना साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा. खुणांची भाषा बोलणाऱ्याशी संमतीचं बोलणं दुभाष्यामार्फत करा, भावामार्फत नको. भाऊ स्वतःच हो म्हणतो.

परत जाणं

निष्कर्ष सांगायला आम्ही एकदा ग्रामसभेत गेलो. लाउडस्पीकर लावला, तो घुमत होता. कमी ऐकू येणारी मंडळी, ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, ती मागं भिंतीला टेकून बसली आणि "काय म्हणत्यात?" असं एकमेकांना विचारत राहिली. तेव्हापासून घरोघर जातो, मोठ्या अक्षरांतला कागद घेऊन, आशाताईंना बरोबर घेऊन.

पहिल्या त्या आजींकडंही गेलो. कानाचं मशीन होतं, ट्रंकेत, कुंकवाच्या कोयरीशेजारी. सेल संपलेले. या सेलवर चिकटपट्टी असते, ती काढली की आत हवा जाऊन सेल चालू होतो, आणि मग मशीन वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. नातवानं कौतुकानं सहाही सेलच्या पट्ट्या एकदम सोलून ठेवल्या होत्या. आम्ही नवा घातला. मग ती विद्यार्थिनी आजींना घेऊन गोठ्याकडं गेली, म्हशीपाशी बसली आणि हळू आवाजात नऊही प्रश्न पुन्हा विचारले. यावेळी नवव्याला शून्य नव्हतं.

पहिला फॉर्म आम्ही फाडला नाही. प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, म्हणजे दोन्ही नोंदी वेगवेगळ्या पंधरवड्यांच्या. तारीख आणि "मशीनसह, एकांतात" असा शेरा मारून दोन्ही ठेवल्या, विश्लेषणात कुठली धरायची ते गाइडला विचारून लिहून ठेवलं. आजींना त्याच दुपारी तालुक्याला डॉक्टरांकडं नेलं. सून बरोबर आली. त्या दिवशीची उरलेली अकरा घरं दुसऱ्या दिवशी केली.