पायलटचं ऑफर लेटर कसं वाचावं: टिळकवाडीतल्या एका टॅक्सवाल्याचा हिशेब

बेळगावात टिळकवाडीत माझं इन्कम टॅक्सचं ऑफिस आहे. पूर्वी सीझनला निपाणीचे तंबाखूवाले, वडगावचे मागवाले आणि कॉलेजांतले प्राध्यापक यायचे. आता त्यात पायलट पोरंपोरी आल्यात. सांबऱ्याला, आपल्या विमानतळावर, फ्लाइंग स्कूल आलं, त्यात माझी भाची एटीआरवर, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानावर, फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे हे गल्लीभर झालं, मग काय, लोक ऑफर लेटर घेऊनच दारात. बाप विचारतो, "महिन्याला किती मिळतंय वो?" पोरगं विचारतं, एअरबस की एटीआर? आईला एवढंच कळायला हवं असतं, की गणपतीला घरी येणार की नाही. तिघांची उत्तरं त्या पत्रात असतात, पण पहिल्या पानावर नसतात.

दोन कंपन्यांची पत्रं आली असतील तर एक कोरा कागद आडवा धरा, मधे रेघ मारा आणि मी सांगतो त्या क्रमानं भरा. महिन्याचा आकडा सगळ्यात शेवटी लिहायचा. तो आधी लिहिला की बाकीचं कोणी वाचतच नाही, हे मी रोज बघतो.

पहिली ओळ: हमी तासांची. पायलटचा पगार बहुतेक ठिकाणी तासावर असतो. विमानाची चाकं हलल्यापासून ते पुन्हा थांबून ठोकळे लागेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक अवर. महिन्याला अमुक ब्लॉक तासांचे पैसे देणारच, उडालात किंवा नाही, असं कंपनी लिहून देते. ती हमी. त्याच्या वरच्या तासांना वेगळा दर. पत्रात पगार मोठ्या अक्षरांत असतो आणि हमीचे तास खाली कुठल्या तरी परिशिष्टात. ते शोधा.

समजा एका पत्रात ७० तासांची हमी आणि २,१०,००० रुपये, वरच्या प्रत्येक तासाला ३,५००. दुसऱ्यात ४० तासांची हमी आणि १,६०,०००, वर तासाला ४,०००. बापाचं बोट लगेच पहिल्यावर जातं. आता महिन्याला ७५ तास उडवले असं धरा. पहिल्या कंपनीत २,२७,५००, दुसरीत ३,००,०००. आणि ३५ तासच मिळाले तर? पहिलीत २,१०,०००, दुसरीत १,६०,०००. दोन्ही सारखे कुठं होतात ते काढा: साडेबावन्न तासांवर. त्याच्या वर उडायला मिळणार असेल तर दुसरी, खाली असेल तर पहिली. म्हणजे विचारायचा प्रश्न पगाराचा राहत नाही. तिथल्या ज्युनिअर पोरांना गेल्या वर्षभरात महिन्याला सरासरी किती तास मिळाले, हा होतो. एचआर याला गोल उत्तर देतं. तिथं आधीपासून असलेल्या पोराला विचारा, तो लॉगबुक बघून सांगतो. वर्षाला १,००० तासांच्या वर उडता येत नाही, म्हणजे महिन्याला सरासरी ८३. कोणी "आमच्याकडं शंभर तास मिळतात" म्हणाला तर एखाद्या महिन्याचं सांगतोय असं समजा.

हमी ही कागदावरची गोष्ट आहे, बदलते. एअर इंडियात कोविडच्या आधी ७० तासांची हमी होती, कोविडमध्ये ती २० वर आली, २०२३ मध्ये नव्या पगार रचनेत ४० झाली. विस्तारा एअर इंडियात मिसळायची होती तेव्हा तिथल्या पायलटांपुढं ७० चे ४० असं पत्र आलं. एप्रिल २०२४ मध्ये एकाच वेळी बरेच पायलट आजारी पडले आणि विमानं रद्द झाली. आजार कसला होता हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून पत्रात "कंपनीच्या धोरणानुसार बदलू शकते" असं वाक्य कुठल्या रकमेला लागू आहे, ते पेन्सिलीनं अधोरेखित करा. मूळ पगाराला आहे, की तासांवर मिळणाऱ्या फ्लाइंग अलाउन्सला?

बातम्यांतले आकडेही याच रीतीनं वाचा. स्पाइसजेटनं नोव्हेंबर २०२२ पासून कॅप्टनला ८० तासांसाठी ७ लाख जाहीर केले, मे २०२३ मध्ये ७५ तासांसाठी साडेसात लाख. भागाकार करा: तासाला ८,७५० चे १०,००० झाले. बातमीत वाढ ५० हजारांची दिसते, तासाच्या दरात ती चौदा टक्क्यांच्या वर आहे. आणि हे कॅप्टनचे आकडे आहेत. २०० तासांचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) घेऊन आलेल्या पोराच्या बापानं ते बघून शेत तारण ठेवू नये. नवीन पोराला ट्रेनिंगच्या काळात स्टायपेंड मिळतो, तो किती महिने हेही त्याच पत्रात असतं.

दुसरी ओळ विमानाची. इथं पोरं भावनेत जातात. एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवायची परवानगी, असलं की इंडिगो, एअर इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेस अशी दारं राहतात. बोइंग ७३७ असलं तर अकासा, स्पाइसजेट, पुन्हा एक्स्प्रेस. एटीआर ७२ असलं तर इंडिगो, अलायन्स एअर आणि मार्च २०२४ ला सुरू झालेली गोव्याची फ्लाय९१. आपल्या सांबऱ्यावरून उडणाऱ्या स्टार एअरकडं एम्ब्रेअर आहेत. गावातली म्हणून तिचं कौतुक सगळ्यांना, मलाही आहे. पण एम्ब्रेअर १७५ चं रेटिंग घेऊन देशात दुसरीकडं जायला वाव कमी, हे कागदावर लिहा. तिथं राहूनच कॅप्टन व्हायचं असेल तर तो तोटा उरत नाही. छोट्या कंपनीत सीनिऑरिटीच्या यादीत पुढं माणसं कमी असतात. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टनच्या लायसन्सला, लागणारे १,५०० तास झाले की कमांडचा (कॅप्टन व्हायचा) नंबर किती वर्षांत लागतो, हे विचाराच.

तासांचा हिशेब विमानासोबत बदलतो, ते भाचीच्या एका दिवसावरून सांगतो. चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, प्रत्येकी सव्वा तासाच्या आतबाहेर. ब्लॉक भरले चार तास चाळीस मिनिटं. पण प्रत्येक ठिकाणी उतरायचं, माणसं चढायची, सामान, इंधन, पुन्हा निघायचं. रिपोर्टिंग धरून ड्यूटी नऊ तासांच्या वर गेली. त्याच दिवशी एअरबसवरचा पोरगा दिल्लीला जाऊन परत बेंगळुरूला आला, त्याचे ब्लॉक साडेपाच तास, लँडिंग दोनच. कष्ट कोणाचे जास्त? पैसे कोणाला जास्त? म्हणून एटीआरच्या पत्रात सेक्टरमागं काही देतात का, आणि प्रवासी म्हणून बसवून दुसऱ्या स्टेशनला पाठवलं तर तो वेळ मोजतात का, हे बघा. बोलावणं येईल म्हणून तयार राहायचा स्टँडबायचा दिवस पगारात धरतात का, तेही. एटीआरचा फायदा असा, की बऱ्याचदा रात्री बेसला, म्हणजे नेमणुकीच्या शहरी, परत येता येतं आणि लँडिंगचा हात चांगला बसतो. बेळगावच्या पावसात उतरवणाऱ्याला शिकवावं लागत नाही, असं भाची म्हणते. तिच्या बोलण्यातलं थोडं वजा करून घ्या.

आता रोस्टर, म्हणजे महिन्याच्या ड्यूटीचा तक्ता. पोराच्या ओळखीतल्या कोणाचा तरी चालू महिन्याचा रोस्टर मोबाइलवर मागवा, शक्य झालं तर दोन महिन्यांचा. काही कंपन्यांच्या रोस्टरवर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे. २३:१५ दिसलं की आई म्हणते, रात्रीची ड्यूटी. ती खरं तर दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचची रिपोर्टिंग. गाडी घ्यायला साडेतीनला, म्हणजे उठायचं पावणेतीनला. अशा ओळी महिन्यात किती ते मोजा.

डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचे, विश्रांतीचे नियम बदललेत. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली. १ नोव्हेंबरपासून रात्रीची व्याख्या १२ ते ६ अशी झाली आणि रात्रीत शिरणाऱ्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंग राहिली. कंपन्यांना माणसं जास्त लागणार हे उघड होतं. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि काही नियमांतून त्यांना १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. त्या काळातला रोस्टर कोणी दाखवला तर तो नेहमीचा धरू नका, त्याच्या नंतरचा मागा.

हे ४८ तास म्हणजे घरी दोन दिवस, असं आपल्याकडं धरतात. बेस बेंगळुरू असेल तर बघा. ड्यूटी शुक्रवारी रात्री आठला संपली, रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस मिळाली तर शनिवारी सकाळी घरी. रविवारी रात्री आठनंतर कधीही रिपोर्टिंग लागू शकतं, म्हणून रविवारी दुपारीच हॉटेलात किंवा रूमवर पोचून झोपलेलं बरं. घरी राहिली एक रात्र. स्टाफ तिकीट आहे म्हणून विमानानं येईन म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ते तिकीट जागा उरली तरच. एटीआरमध्ये जास्तीत जास्त ७८ जागा, लग्नसराईत उरत नाहीत. दिल्ली बेस असेल तर घर विसरा, सणाला रजा मिळाली तरच. याउलट गोव्याचा मोपा बेस मिळाला तर चोर्ला घाटानं सकाळी निघून दुपारच्या आत घरी, पावसाळा सोडून. बेस कोण ठरवतं, बदलून मिळतो का आणि त्याची यादी सीनिऑरिटीनं चालते का, हे बापानं नाही, पोरानंच विचारावं.

बाँड, म्हणजे अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून देणं. टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करते की पोरानं भरायचा? कंपनी करत असेल तर किती वर्षं आणि मधे सोडलं तर पूर्ण रक्कम की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? हा फरक लाखांचा असतो. पोरानं भरायचा असेल तर ती रक्कम पहिल्या तीन वर्षांच्या पगारातून वजा करून मगच तुलना करा. नोटीस पीरियड मात्र कंपनीगणिक बदलत नाही: डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला बारा. तो न देता निघता येतं असं कोणी सांगितलं तर ऑगस्ट २०२३ ची आठवण द्या. अकासाचे चाळीसच्या वर पायलट नोटीस न देता गेले आणि कंपनी कोर्टात गेली. मामला मुंबई हायकोर्टात चालावा की नाही, यावरच आधी वाद झाला. म्हणून करारातलं शेवटचं कलम, भांडण कुठल्या शहरातल्या कोर्टात, तेही वाचा. खानापूरहून दिल्लीला तारखेला जायचं म्हणजे काय ते सांगायला नको.

मेडिकलबद्दल एकच: तब्येतीमुळं लायसन्स गेलं तर पैसे देणारा विमा कंपनी काढते का आणि किती रकमेचा. कर्ज असलेल्या घरानं याशिवाय सही करू नये.

कंपनीची तब्येत हाही एक रकाना ठेवा. किंगफिशर २०१२ ला, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला थांबली. बंद पडायच्या आधी पगार उशिरा यायला लागतो. टीडीएस कापलेला असतो पण भरलेला नसतो, आणि आमच्यासारख्यांना हा खाडा फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे नावावर जमा कराच्या उताऱ्यात, आधी दिसतो. तिथं काम करणाऱ्याला विचारा, पगार कुठल्या तारखेला जमा होतो आणि गेल्या तिमाहीचा टीडीएस दिसतोय का. याचं उत्तर लोक खरं देतात.

आता महिन्याचा आकडा लिहा, बाँडचा हप्ता, कर्जाचा हप्ता आणि बेसच्या शहरातलं भाडं वजा करून.

राहिले गल्फवाले. तिथला पगार करमुक्त म्हणून दुपटीनं धरतात. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या आर्थिक वर्षात इथं १८२ दिवस भरले की तो रहिवासी ठरतो आणि तिकडचा पगारही इथं मोजला जातो. एप्रिलपासून मोजलं तर सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या आत निघालेलं चांगलं. डिसेंबरला जॉइन होणाऱ्याला त्या वर्षाचा कर बसू शकतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर आणखी एक नियम बघावा लागतो. तेव्हा जॉइनिंगची तारीख कंपनीला कळवायच्या आधी फोन करा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करू नका, तेव्हा मी घरच्यांचाही उचलत नाही.