सिम्बॉलिस्ट चित्रं (म्हणजे स्वप्नं, गूढ भावना प्रतीकांतून दाखवणारी) बघायची कशी
तलावपाळीच्या गर्दीत मोबाईलवर नका बघू, घरी रात्री दिवे घालवून एकच चित्र उघडा, गुस्ताव मोरोचं 1876 चं 'द अ‍ॅपरिशन'. बायबलमधली गोष्ट एवढीच, राजा हेरोदची सावत्र मुलगी सालोमे, तिने नाचाच्या बदल्यात संत जॉन द बाप्टिस्टचं शिर मागितलं. आता झूम करा. ते शिर हवेत तरंगतंय, भोवती तेजाचं वलय, खाली रक्त ओघळतंय आणि सालोमे हात ताठ करून त्याच्याकडे बोट दाखवतेय, बाकीच्यांचं मात्र लक्षच नाही, म्हणजे बहुतेक फक्त तिलाच दिसतंय! अंगावर काटा येतो माझ्या दरवेळी. मग जाँ देलविलचं 1892 चं मिसेस स्टुअर्ट मेरिलचं पोर्ट्रेट. वर लागलेले डोळे, पेटल्यासारखे केस, हनुवटीखाली पुस्तक नि त्यावर त्रिकोण. अर्थ लगेच गुगल करू नका, आधी पाच मिनिटं नुसतं बघत बसा.