शिडाच्या बोटीत मुक्काम करताय? नांगर टाकल्यानंतरच्या या चुका टाळा

ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात लेफ्काडा आहे. म्हणायला बेट, पण मुख्य भूमीपासून त्याला तोडतो तो जेमतेम एक कालवा. त्यावरचा तरंगता पूल बोटींसाठी ठरलेल्या वेळी बाजूला होतो. पूर्व किनाऱ्याला नीद्री, व्लिखो, खाली सिव्होटा, समोर मेगानिसी अशा आडोशाच्या जागा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे 28-30 फुटी जुन्या बोटीत संसार थाटलेली माणसं इथे पुष्कळ भेटतात. आम्ही दोघांनी दोन वर्षांत तिथे तीन मुक्काम केले. चुकांची एक वही ठेवली होती. शीड वर असतानाच्या चुका त्यात दीड पानात आटोपतात, बाकी सगळी वही उभ्या बोटीतल्या चुकांनी भरली आहे. बोट चालत असते तेव्हा आपण सावध असतो. नांगर पडला की घरी पोचल्यासारखं वाटतं, आणि घोळ तिथून सुरू होतो.

नांगर टाकला म्हणजे लागला असं नाही

पहिल्याच आठवड्यात मेगानिसीच्या एका खाडीत नांगर सोडला, वर साखळी ओतली आणि चहा टाकला. संध्याकाळी गॉगल लावून पाण्यात उतरले, तर नांगर समुद्री गवतावर कुशीवर निवांत पहुडलेला आणि शेजारी साखळीचा ढीग. तीन तास आम्हाला धरून ठेवलं होतं ते निव्वळ साखळीच्या वजनाने.

वरून पाहिलं तर तळाचा गडद डाग म्हणजे पॉसिडोनिया गवत आणि फिकट, निळसर-पांढरा भाग म्हणजे वाळू. नांगर वाळूतच टाकायचा. गवतात तो रुतत नाही, आणि रुतलाच तर उपटताना त्या गवताचा सत्यानाश होतो. साखळीचा हिशोब साधा आहे. पाणी 6 मीटर, बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची 1 मीटर, एकूण 7. त्याच्या पाचपट म्हणजे 35 मीटर. तो वरचा एक मीटर धरायला जवळजवळ सगळेच विसरतात. साखळी सोडताना बोट हळूहळू मागे सरकू द्या. मग इंजिन रिव्हर्सला घेऊन जोर बेताबेताने वाढवा आणि ताणलेल्या साखळीवर तळपाय हलकेच टेकवा. नांगर घसरत असेल तर साखळी गुरगुरते, ते पायाला कळतं. लागला असेल तर ती ताठ होऊन गप्प बसते. शेवटी काठावरच्या दोन गोष्टी, समजा एक सरूचं झाड आणि त्यामागची चर्चची घंटा, एका रेषेत धरून ठेवा. रेष मोडली की बोट हलतेय.

दुसरी चूक दुपारच्या वाऱ्यावर विसंबून जागा निवडण्याची. उन्हाळ्यात इथे सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारी वायव्येकडून ‘माइस्त्रो’ सुटतो आणि तिन्हीसांजेला पडतो. पण बेटाचे डोंगर 1100 मीटरच्या वर जातात, आणि काही रात्री त्यांच्या उतारावरून गार वारा घसरत खाली येतो. बोट गर्रकन फिरते आणि दुपारी जिथे मागे मोकळं पाणी होतं तिथे खडक दिसायला लागतात. शाळेतले खारे आणि मतलई वारे मी मार्कांपुरते पाठ केले होते, त्यांचा अर्थ मध्यरात्री टॉर्च घेऊन असा कळला. जागा निवडताना सगळ्या बाजूंनी मोकळं वर्तुळ बघा. ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रात मात्र हे गणित चालत नाही. तिथला मेल्टेमी हा उन्हाळी वारा निरभ्र आकाशातून दिवसचे दिवस वाहतो, आणि उंच बेटाच्या आडोशाला गेलात तर डोंगरावरून कोसळणारे झोत उघड्यापेक्षाही जोरदार लागू शकतात.

सप्टेंबरात गर्दी ओसरते आणि आपला आत्मविश्वास वाढलेला असतो. व्लिखोची खाडी जवळपास चहूबाजूंनी बंद, तळाला धरून ठेवणारा चिखल. तरी सप्टेंबर 2011 मध्ये तिथे अचानक आलेल्या वादळाने नांगरलेल्या बोटी किनाऱ्यावर नेऊन टाकल्या. सप्टेंबर 2020 मध्ये ‘इयानोस’ वादळाने शेजारच्या इथाका आणि केफालोनियाला झोडपलं. गडगडाटाचा अंदाज असेल तर झोपण्यापूर्वी साखळी वाढवा, छोटी होडी वर घ्या, आणि उन्हासाठी बांधलेली ताडपत्री आधी सोडा. रात्रीच्या वाऱ्यात तेच एक शीड होतं, आणि ते उतरवायला कोणी जागं नसतं.

धक्क्यावर

इथे बोटीची पाठ धक्क्याला आणि नांगर समोर पाण्यात, अशी उभं राहायची पद्धत. नवखा माणूस नांगर फार जवळ टाकतो. बोटीच्या तीन-चार लांब्या अंतर हवंच. आणि सरळ मागे यायला हवं, नाहीतर साखळी शेजाऱ्याच्या साखळीवर आडवी पडते. सकाळी आपला नांगर वर घेताना त्याचीही साखळी लटकून वर आली तर ओढाताण करू नका. दोराचं एक टोक नाळेवर बांधा, दोर त्याच्या साखळीखालून घालून दुसरं टोकही वर बांधा. आता आपला नांगर थोडा खाली सोडला की साखळीचा भार दोरावर जातो आणि नांगर मोकळा होतो. तो बाजूला घेऊन मगच दोराचं एक टोक सोडायचं. आधी शेजाऱ्याला हाक मारा, नाहीतर तो चहाचा कप घेऊन आपल्याकडे ज्या नजरेने बघतो ती विसरता येत नाही.

बोट आणि धक्का यांत अंतरही ठेवा. नीद्रीहून मेगानिसीला जाणारी फेरीबोट गेली की लाट येते. ती येते तेव्हा कढईत फोडणी नसेल तर बरं. माझी एकदा होती, मोहरी अजून फटींत सापडते.

स्वयंपाक, पाणी, वीज

कुकर न्याच. झाकण बंद असतं, गॅस कमी लागतो. पहिल्या शिट्टीला शेजारचे आजोबा आमच्या इंजिनचा अलार्म वाजतोय म्हणून सांगायला धावत आले होते. गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून तरी निघून जाईल, बोटीत थेट तळाशी साचतो आणि तिथे एक ठिणगी पुरते. शेगडीच्या बटणावर भागवू नका. झोपताना घरी रेग्युलेटर बंद करतो तसा इथे प्रत्येक स्वयंपाकानंतर सिलिंडरवरच बंद करा.

आमची पाण्याची टाकी 120 लिटर होती, म्हणजे दोघांना जपून सहा दिवस. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटची विसळणी फक्त गोड्या पाण्याची.

बॅटरीचा घोटाळा बहुधा फ्रिजमुळे होतो. तो दिवसाला सहज 30-40 अँपिअर-तास खातो, आणि 100 वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात जेमतेम तेवढंच देतं. त्यातही शिडाच्या आडव्या दांड्याची सावली पडली तर तेही नाही. शिशाची बॅटरी थोडा वेळ नुसती ठेवून मोजा. 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. त्याखाली वारंवार नेली की ती कायमची बसते. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवा आणि तिला फ्रिजचा वासही लागू देऊ नका.

थोडक्यात उरलेलं

संडासच्या पंपात कागद टाकू नका. तो तुंबला की नळी स्वतःच्या हातांनी सोडवावी लागते, आणि त्या दिवशी नवऱ्याशी बोलणं होत नाही. इंजिन सुरू केलं की दर वेळी मागून थंड करणारं पाणी पडतंय ना ते बघा. पडत नसेल तर लगेच बंद करा. बहुतेकदा इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणारा पंपातला रबरी चक्र, फाटलेला असतो, जास्तीचा जवळ ठेवा. रिव्हर्स घेण्यापूर्वी छोट्या होडीचा दोर आखडून घ्या. पंख्यात गुंडाळला की सुरी घेऊन पाण्याखाली जाण्याखेरीज इलाज नाही.

कागदपत्रांत लोक बोटीकडे बघतात आणि स्वतःला विसरतात. 7 मीटरपेक्षा लांब बोटीला ग्रीसमध्ये कर भरावा लागतो, तो लोक भरतात. पण भारतीय पासपोर्टवरच्या शेंगेन पर्यटन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि बोट तिथे आहे हे कारण चालत नाही. आमच्या मुक्कामाचे तीन तुकडे त्यामुळेच झाले. शेवटचा नोव्हेंबरात संपला. पाऊस कोकणासारखा, खिडक्या बंद, आणि गादी उचलली तर खाली काळी बुरशी. गादीखाली फटी ठेवून लाकडी पट्ट्या ठोकायच्या असतात हे आम्हाला निघायच्या आदल्या दिवशी कळलं.