रास्पबेरी पाय ४ आणि जेलीफिन: कमी विजेवर घरगुती मीडिया सर्व्हर

घरातले चित्रपट, गाणी आणि लग्नकार्यांच्या चित्रफिती एका डिस्कवर ठेवून त्या टीव्हीवर व फोनवर पाहता याव्यात एवढीच अपेक्षा असेल, तर ४ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ हा एका छोट्या बोर्डावरचा संगणक आणि जेलीफिन हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. बोर्ड आणि डिस्क मिळून सरासरी ५ वॅट धरले, तर चोवीस तास चालू ठेवूनही महिन्याला ३.६ युनिट वीज लागते. मात्र ट्रान्सकोडिंग, म्हणजे टीव्हीला न चालणारी चित्रफीत पाहता पाहताच दुसऱ्या स्वरूपात बदलून देणे, हे काम या बोर्डाला झेपत नाही, आणि पुढची बहुतेक मांडणी ते टाळण्यासाठीच आहे.

वीजपुरवठ्यात काटकसर करू नये. फोनचा जुना चार्जर न वापरता ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर घ्यावा. चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच प्रवाह मिळतो, त्यामुळे एक एसएसडी निभावते, पण साडेतीन इंची हार्ड डिस्कला तिचा स्वतंत्र अडॅप्टर हवाच. डिस्क निळ्या पोर्टला जोडावी आणि राउटरपर्यंत शक्यतो केबल न्यावी.

बोर्डाच्या मायक्रोएसडी कार्डावर रास्पबेरी पाय ओएस लाइट या कार्यप्रणालीची ६४-बिट आवृत्ती टाकावी. रिकामी डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या स्वरूपात फॉरमॅट करून तिची नोंद एफएसटॅब (/etc/fstab) या डिस्कांच्या यादीच्या फाइलमध्ये यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाने, करावी व तिथे ‘नोफेल’ (nofail) हा पर्याय लिहावा, म्हणजे डिस्क सैल झाली तरी बोर्ड सुरू होताना अडून बसत नाही. जेलीफिन त्यांच्या अधिकृत स्क्रिप्टने बसवल्यावर घरातल्या कोणत्याही ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता आणि ८०९६ हा पोर्ट क्रमांक टाकला, की उरलेली मांडणी पडद्यावरच करता येते. लायब्ररी जोडूनही रिकामी दिसली, तर बहुधा ‘जेलीफिन’ या युजरला फोल्डर वाचण्याची परवानगी नसते. ते फोल्डर ज्या ज्या फोल्डरांच्या आत आहे, त्या प्रत्येकासाठीही ही परवानगी लागते.

आता मुख्य काम. डॅशबोर्डमध्ये प्रत्येक युजरच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ ट्रान्सकोडिंगची परवानगी काढावी. ऑडिओचे ट्रान्सकोडिंग आणि केवळ वेष्टन बदलणारे रीमक्सिंग राहू द्यावे, कारण ते बोर्डाला जड जात नाही. ज्या फाइली यानंतर चालणार नाहीत, त्या लॅपटॉपवर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने एकदाच ८-बिट एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी ऑडिओच्या एमपी४मध्ये बदलून ठेवाव्यात. फाइल चालू असताना ‘प्लेबॅक इन्फो’ उघडल्यास ती न बदलता थेट जाते आहे की नाही हे लगेच कळते. सबटायटलकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही: ब्लू-रेमधून आलेली पीजीएस सबटायटल ही चित्रे असतात, आणि टीव्हीला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हरला ती व्हिडिओवर छापावी लागतात, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोडिंगच. म्हणून सबटायटलची साध्या मजकुराची एसआरटी फाइल वापरावी. मराठी असेल तर ती यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये साठवावी, नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात.

चित्रफितींतून ट्रिकप्लेची, म्हणजे पुढे-मागे सरकवताना दिसणारी, छोटी चित्रे काढण्याचा पर्याय बंद ठेवावा. मोठ्या संग्रहावर ते काम या बोर्डाला दीर्घकाळ गुंतवून ठेवते. घराबाहेरून पाहायचे असल्यास राउटरवर पोर्ट उघडू नये, वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग, वापरावा.