अणुकराराची बातमी कशी वाचावी: सातारा-सांगलीतल्या अभ्यास गटांसाठी

आपल्याकडच्या अभ्यासिकांमध्ये ऊर्जा एका वहीत आणि परराष्ट्र धोरण दुसऱ्या वहीत लिहायची पद्धत आहे. अणुऊर्जेपुरत्या या दोन वह्या एकत्र करा. नवी अणुभट्टी साठ वर्षं चालवायच्या हिशोबाने बांधतात. तिचं इंधन कोण देणार हे ज्या दिवशी ठरतं, त्या दिवशी पुढच्या साठ वर्षांच्या परराष्ट्र धोरणाचा एक तुकडाही ठरून जातो.

एका बैठकीला एकच बातमी घ्या. पाच-सहा जण, दीड तास, एक कार्डशीट, जगाचा नकाशा आणि कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. कार्डशीटवर कागद, वीज, इंधन, अटी, दायित्व आणि खर्च असे रकाने आखा. संयुक्त निवेदन दोन्ही सरकारांच्या संकेतस्थळांवरून काढा आणि शेजारी ठेवून वाचा. एका बाजूने ठळक केलेला आणि दुसऱ्या बाजूने गाळलेला मुद्दा बहुतेक वेळा वादाचाच असतो. भट्टी खरंच चालू आहे की बांधकामात आहे, हे वर्तमानपत्रावरून ठरवू नका. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या ‘प्रिस’ या माहितीसाठ्यात प्रत्येक भट्टीच्या तारखा मिळतात.

आधी कागद कोणता ते ओळखा

सामंजस्य करार, चौकट करार, सरकारांमधला करार आणि प्रत्यक्ष खरेदीचा करार हे चार वेगळे कागद आहेत. उसाची नोंद झाली म्हणजे बिल खात्यावर आलं असं कोणी धरत नाही, तसंच इथेही धरू नका. जैतापूरचंच पाहा. 2010 मध्ये चौकट करार, 2018 मध्ये फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीशी पुढचा करार, 2021 मध्ये तिचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव आला. प्रत्येक वेळी ‘9,900 मेगावॅट’ असा मथळा आला, पण भट्टीच्या पायाचं काँक्रीट पडलं नाही. बांधकामाची सुरुवात पहिल्या काँक्रीटपासून मोजतात, म्हणून कार्डशीटवर सहीची, पहिल्या काँक्रीटची आणि ग्रिडला जोडल्याची अशा तीन तारखा लिहा. कुडनकुलमच्या पहिल्या भट्टीच्या तारखा 1988, 2002 आणि 2013 आहेत. मधल्या काळात ज्याच्याशी सही झाली तो सोव्हिएत संघच उरला नाही.

मेगावॅटचे युनिट करा

मेगावॅट × 8,760 तास × भारांक. भारांक म्हणजे पूर्ण क्षमतेने वर्षभर चालली असती तर मिळाली असती त्यातली किती टक्के वीज खरंच मिळाली ते. 700 मेगावॅटची भट्टी 85 टक्के भारांकाने चालली तर वर्षाला सुमारे 521 कोटी युनिट वीज देते. आपल्या कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट, म्हणजे जवळजवळ तिप्पट. पण वर्षाची वीज 300 कोटी युनिटच्या आसपास. कारण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे, आणि कोयना मुख्यतः जास्त मागणीच्या तासांत चालवतात. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचा भारांक आणखी वेगळा. म्हणून दोन देशांच्या किंवा दोन इंधनांच्या क्षमता नुसत्या शेजारी मांडल्या की निष्कर्ष हमखास चुकतो.

इंधनाच्या रकान्याला निम्मा वेळ द्या

निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम, म्हणजे फुटून ऊर्जा देणारं, युरेनियम-235 फक्त 0.7 टक्के असतं. जड पाण्याच्या भट्ट्या त्यावरच चालतात. साध्या पाण्याच्या भट्ट्यांना ते 3 ते 5 टक्क्यांपर्यंत समृद्ध करून लागतं, आणि व्यापारी प्रमाणावर समृद्धीकरण करणारे देश मोजकेच आहेत.

हा फरक किती महाग पडतो ते तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांवरून कळतं. भट्ट्या अमेरिकन, समृद्ध इंधनही अमेरिकन, करार 1963 चा. 1974 ला पोखरणची चाचणी झाली, 1978 ला अमेरिकेने आपला कायदा कडक केला आणि पुरवठा अडला. 1982 पासून फ्रान्सने इंधन दिलं, पुढे चीनने आणि रशियानेही. भट्टी तीच, पण तिच्यासाठी चार राजधान्यांशी बोलणी करावी लागली.

जड पाण्याची भट्टी निवडली की परावलंबन संपतं, असंही लिहू नका. 2007-08 च्या सुमारास देशातलं युरेनियम अपुरं पडून या भट्ट्या जेमतेम निम्म्या क्षमतेने चालत होत्या. अमेरिकेशी झालेला अणुकरार आणि 6 सप्टेंबर 2008 ला व्हिएन्नात अणुसामग्री पुरवठादार देशांच्या गटाने दिलेली अणुव्यापाराची सूट या टंचाईसह वाचली, तर त्या वेळची घाई समजते. त्या सवलतीच्या बदल्यात भारताने तेव्हाच्या 22 पैकी 14 भट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवायचं मान्य केलं. आयात युरेनियम अशा देखरेखीखालच्या भट्ट्यांतच जातं. त्यामुळे देशातलं युरेनियम बाकीच्या, म्हणजे शस्त्रांच्याही, कामांना मोकळं होतं, हा पाकिस्तानचा आक्षेप. तोही रकान्यात नोंदवा, पटो वा न पटो.

आता भारताचं 2047 पर्यंत 100 गिगावॅट (1 गिगावॅट म्हणजे 1,000 मेगावॅट) अणुविजेचं उद्दिष्ट घ्या. 2025 मध्ये आपली क्षमता सुमारे 8.9 गिगावॅट होती. उरलेलं अंतर 700 मेगावॅटच्या भट्ट्यांनी कापायचं तर सुमारे 130 भट्ट्या लागतील, म्हणजे दरवर्षी सहा. अशा एका भट्टीला वर्षाला साधारण 100 टन युरेनियम लागतं. सगळे 100 गिगावॅट याच भट्ट्यांचे धरले तर गरज 14,000 टनांवर जाते, आणि जगातल्या सगळ्या खाणी मिळून वर्षाला 60,000 टनांच्या आसपास काढतात. आता नकाशावर कझाकस्तान शोधा. सर्वात मोठा उत्पादक तोच, आणि त्याला खुल्या समुद्राचा किनारा नाही. माल रशियातून, चीनमधून किंवा कॅस्पियन समुद्र ओलांडून बाहेर पडतो. हे तीन मार्ग पेन्सिलने काढल्याशिवाय या रकान्यातून पुढे जाऊ नका.

काय सोडलं, काय राखलं

संयुक्त अरब अमिरातीने 2009 च्या अमेरिकी करारात समृद्धीकरण आणि पुनर्प्रक्रिया (वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणं) दोन्हींवर पाणी सोडलं. तिथल्या बराका प्रकल्पात कोरियन बनावटीच्या चारही भट्ट्या 2024 पर्यंत व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. इराणने समृद्धीकरणाचा हक्क सोडला नाही. 2015 च्या करारातली 3.67 टक्क्यांची मर्यादा पुढे मोडून तो 60 टक्क्यांपर्यंत गेला. भारताने पुनर्प्रक्रिया राखली, कारण तिच्याशिवाय होमी भाभांचा तीन टप्प्यांचा कार्यक्रम थोरियमपर्यंत पोहोचत नाही.

दायित्वाचा प्रश्न थोडक्यात उरकता येतो. अपघात झाला तर भरपाई कोण देणार एवढंच शोधा. 2010 च्या कायद्यातल्या कलम 17(ब) ने भट्टी चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून वसुलीची वाट ठेवली होती आणि त्यावर परदेशी कंपन्या अडून बसल्या. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने तो कायदा आणि 1962 चा अणुऊर्जा कायदा दोन्ही बदलले. जुन्या नोट्स तेवढ्या दुरुस्त करून घ्या. खर्चाच्या रकान्यात फ्रान्सच्या फ्लामाँव्हिलची तिसरी भट्टी ठेवा: 2007 ला सुरू, 2024 च्या शेवटी ग्रिडला जोडली, अंदाज 3.3 अब्ज युरोवरून 13 अब्जांवर.

शेवटची वीस मिनिटं

दोन उभे रकाने आखा. डावीकडे अणुऊर्जेच्या तारखा, उजवीकडे देशाने केलेली मतदानं. जुलै 2005: भारत-अमेरिका संयुक्त निवेदन. सप्टेंबर 2005 आणि फेब्रुवारी 2006: आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताचं इराणविरोधी मत. मार्च 2006: नागरी आणि लष्करी भट्ट्यांच्या विभाजनाचा आराखडा. इथे गट नेहमी घसरतो, कारण तारखा जवळ आल्या की लगेच ‘म्हणून’ लिहिला जातो. त्या जागी ‘दबाव शक्य’ लिहा आणि भारत सरकारने तेव्हा दिलेलं कारणही शेजारी टाका. कार्डशीटच्या मागे तारीख घाला, आणि त्या प्रकल्पाचा पुढचा कागद निघाला की तेच कार्डशीट वेगळ्या रंगाच्या पेनाने पुढे भरा.