चार वाजता वडापाव झाला? रात्री नीट जेवा

ऑफिसात वडापाव खाल्ला की मनात येतं, 'आजचं पथ्य मोडलंच, आता सोमवारपासून बघू.' मग रात्री पिझ्झाही मागवला जातो. किंवा प्रायश्चित्त म्हणून जेवणच बुडवायचं आणि अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडायचा. हे दुसरं जास्त वाईट, कारण भुकेल्या पोटी हात आवरत नाही. त्यापेक्षा रात्री नेहमीसारखंच जेवा: भाकरी, वाटीभर मुगाची उसळ, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. त्यातला बराचसा वाटा या एका ताटात येतो. भाकरीला वेळ नसेल तर सकाळच्या पोळ्या चालतील. मेथी मात्र आदल्या रात्रीच निवडून ठेवा, दमून घरी आल्यावर जुडी सोडायचा उत्साह कुणालाच नसतो.