रेव्हिटमध्ये आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चर जुळवताना या चुका टाळा

रेव्हिट म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरवाल्याची मॉडेलं लिंक केली (एकमेकांत जोडली) की लगेच क्लॅश (एकमेकांत घुसलेले भाग) शोधू नका, आधी लेव्हल (मजल्यांच्या उंचीच्या पातळ्या) बघा. आर्किटेक्टचा ‘पहिला मजला’ म्हणजे फरशीचा माथा. त्याच नावाने स्ट्रक्चरवाला आरसीसी स्लॅबचा माथा धरतो. मध्ये ५० ते ७५ मिमी फ्लोरिंग असतं. एफएफएल (तयार फरशीची पातळी) आणि एसएसएल (स्लॅबच्या माथ्याची पातळी) अशा दोन वेगळ्या लेव्हल नावानिशी ठेवा.

याचा सगळ्यात जास्त फटका जिन्याला बसतो. मजल्याची उंची ३००० मिमी, १५० चे २० रायझर (पायरीची उभी उंची), मजल्यावर ५० चं फ्लोरिंग आणि पायरीवर मसाल्यासह ४० चा ग्रॅनाइट धरा. काँक्रीटचे सगळे रायझर १५० चेच काढले, तर फिनिशनंतर पहिला १४० चा आणि शेवटचा १६० चा होतो. माणूस अडखळतो तो इथेच. काँक्रीटमध्ये पहिला १६०, मधले १५० आणि शेवटचा १४० ठेवला, तर ग्रॅनाइट बसल्यावर सगळे सारखे येतात. शटरिंगआधी ही दुरुस्ती मॉडेलमध्येच होते. नंतर काँक्रीट फोडावं लागतं.

बीमची खोली बदलली की खिडक्याही तपासा. याच मजल्यावर ६०० च्या बीमचा तळ फरशीपासून २३५० वर येतो. बीम ७५० चा झाला की तळ २२०० वर. खिडकीचा माथा २१०० असेल तर लिंटेलला (खिडकीवरच्या आडव्या काँक्रीट पट्टीला) फक्त १०० मिमी उरतात. संडास-बाथरूमचा स्लॅब ३०० सन्क (खाली बसवलेला) आणि १२५ जाड असेल, तर कडेचा बीम किमान ४२५ खोल हवा, नाहीतर स्लॅबची कड बीमखाली उघडी पडते.

ग्रिड (कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या रेषा) आणि लेव्हल कॉपी-मॉनिटरने घ्या, म्हणजे लिंकमधून उतरवून मूळ बदललं की सूचना देणाऱ्या सोयीने, आणि पिन करा (जागेवर अडकवा). ग्रिड सरकल्याची सूचना आली की पुष्कळजण ‘ॲक्सेप्ट डिफरन्स’ दाबतात आणि काम झालं असं समजतात. त्याने तुमची ग्रिड जागची हलत नाही, रेव्हिट फक्त तो फरक मान्य करतं. ग्रिड खरोखर सरकवायची असेल तर यादीतला ‘मॉडिफाय’ पर्याय निवडा.

कॉलम दोन्ही मॉडेलांत ठेवू नका, शेड्यूलमध्ये (मोजमापाच्या तक्त्यात) दुप्पट मोजले जातात. कॉलम स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्येच असू द्या. आर्किटेक्टने लिंकच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये ‘रूम बाउंडिंग’ला (लिंकमधले भाग खोलीची हद्द धरण्याच्या पर्यायाला) टिक करायची, नाहीतर खोलीचं क्षेत्रफळ कॉलमची जागा धरून येतं.

भिंतीही बीमच्या तळाशीच थांबवा. ४ मीटर लांब, १५० जाड भिंत ६०० च्या बीममधून वर गेली, तर ०.३६ घनमीटर ब्लॉकवर्क फुकट मोजलं जातं. एका मजल्यावर अशा किती भिंती असतात ते मोजून पाहा.